सासूबाईंची ट्रंक आणि गावचं स्मारक

पत्र

ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. इथे घरटी एक माणूस मिल्ट्रीत आहे. माझे थोरले दीर १९९९ मध्ये कारगिलच्या लढाईत गेले. वय पंचवीस, लग्नाचं बघत होते. मी नंतर या घरात आले, त्यामुळे त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. सासूबाई आता शहात्तर वर्षांच्या आहेत. दर २६ जुलैला आणि १५ ऑगस्टला त्यांना वीरमाता म्हणून बोलावतात. शाल, श्रीफळ, हार, फोटो. घरी आल्या की भिंतीकडे तोंड करून झोपतात, दोन दिवस धड जेवत नाहीत.

यंदा जुन्या चावडीजवळ नवं स्मारक होतंय. त्या चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळचा दगडही आहे. उद्घाटनाला सासूबाईंनी दोन शब्द बोलावेत असा आग्रह आहे, गुरुजींनी भाषण लिहूनही दिलंय. माझे मिस्टर म्हणतात, गाव मान देतंय, नाही म्हणायचं नाही. भाऊ गेला तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. घरात मात्र भाऊजींचं नाव कुणी काढत नाही. त्यांची काळी ट्रंक सासूबाईंच्या कॉटखाली असते, कुणाला हात लावू देत नाहीत. मध्यंतरी रात्री मी उठले, तर त्या अंगणात एकट्याच भाऊजींचा स्वेटर झटकत होत्या.

हल्ली त्या विसरतातही. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला दोनदा काकाच्या नावाने हाक मारली. मुलगा विचारतो, "काका कसे होते?" सगळे गप्प. मी काय करू? त्यांना समारंभाला नेऊ की नको? नाव चुकलं तर दुरुस्त करू का?

— एक सून

उत्तर

भाषणाचा कागद गुरुजींना परत द्या. बाकीचं सावकाश बोलू, पण एवढं आजच करा. तो कागद देवळीत नाहीतर टीव्हीशेजारी पडलेला असेल आणि सासूबाईंची नजर दिवसातून दहा वेळा त्याच्यावर जात असेल. गुरुजींचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखवू नका. "आईंना जमणार नाही, गावाच्या वतीने तुम्हीच बोला," एवढं पुरे. कारण विचारलं तर तब्येतीचं सांगा. दोन दोन दिवस अन्न जात नाही, म्हणजे तब्येतीचंच कारण झालं.

समारंभाला न्यायचं की नाही, ते मात्र तुम्ही दोघांनी ठरवू नका. तुमच्या पत्रात गावाचं मत आहे, गुरुजींचं आहे, मिस्टरांचं आहे, तुमचंही आहे. सासूबाईंचं कुठेच नाही. इतक्या वर्षांत "आई, जायचंय का तुम्हाला?" असं त्यांना कुणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही. जीप दारात येते, कुणीतरी घडीचं लुगडं काढून देतं आणि त्या निघतात. तेव्हा आधी विचारा. आदल्या रात्री नको, आठ दिवस अगोदर, आणि चारचौघांत तर नकोच. शेंगा फोडताना, लसूण सोलताना, हात कामात असताना विचारा. पहिल्यांदा म्हणतील, "तुम्ही म्हणाल तसं." तेवढ्यावर सोडू नका. दोन दिवस जाऊ द्या आणि पुन्हा विचारा. जायचं म्हणाल्या तर न्या, नाही म्हणाल्या तर गावाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या थोरल्या आत्याचा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत होता, १९७१ मध्ये पूर्वेच्या आघाडीवर. डिसेंबरात जमालपूरला या पलटणीची मोठी लढाई झाली. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली, ती बातमी रेडिओवर ऐकून आमच्या गावात साखर वाटली. आत्याने स्वतःच्या हाताने वाटली. तार आली ती त्यानंतर चौथ्या दिवशी. तेव्हा गेलेला मुलगा सहसा घरी येत नसे. तिरंग्यातल्या पेट्या गावोगाव पोहोचल्या त्या कारगिलच्या वेळी. त्याआधीच्या लढायांत बहुतेकांना तिकडेच अग्नी दिला जायचा आणि घरी यायची ती तार, मागाहून सामान. आत्याकडे तारेनंतर आणखी एक गोष्ट आली. मनीऑर्डर. लढाईला निघण्यापूर्वी त्याने लावलेली. पोस्टमन ओट्यावर बसला, साठ रुपये मोजले, आत्याचा अंगठा घेतला आणि फॉर्मच्या तळाशी मजकुराला जी एवढीशी जागा असायची तिथलं वाचून दाखवलं. 'बैलाला पेंड घ्यावी. आईने डोळा दाखवून घ्यावा.'

पुढची तीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याने आत्याला तार कधी आली, कुणी आणली, वाचून तू काय केलंस, हेच विचारलं. मनीऑर्डरचं कुणी विचारलं नाही. मलाही कळलं ते योगायोगाने. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी दवाखान्यात सोबत होते. डॉक्टर म्हणाले, "आजी, इतके दिवस का थांबलात?" तर ती म्हणाली, "त्यानं सांगितलं हुतं, दाखव म्हणून." मग डोळ्याला पट्टी बांधलेली आत्या संध्याकाळभर बोलत राहिली. त्याच्या पायाचा अंगठा मोठा होता, म्हणून नवा बूट हमखास चावायचा. दुधावर साय दिसली की पेला तसाच सरकवायचा. सगळ्या भावंडांत तोच उशिरा बोलायला लागला, तर आजीने त्याला देवाच्या घंटेतलं पाणी पाजलं होतं. लढाईबद्दल अवाक्षर नाही. त्याच्या शेवटच्या दिवसाबद्दल तिला काही सांगायचंच नव्हतं. तो तिने पाहिलाच नव्हता. त्याच्या आधीचे सगळे दिवस तिने पाहिले होते, आणि ते तिला कुणी विचारत नव्हतं.

तुमच्या सासूबाईंचंही हेच झालंय. त्यांच्याकडे मुलाची पंचवीस वर्षं आहेत, आणि तो गेल्यालाही आता तेवढी वर्षं उलटून गेली. समारंभात निवेदक काय सांगतो ते आठवा. कोणतं शिखर, किती वाजता, गोळी कुठे लागली. आईच्या समोर माइकवरून, दरवर्षी, तेच. ऐकून टाळ्या वाजतात. त्या बाई घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपतात, यात मला नवल वाटत नाही. मान खोटा आहे असं मी म्हणत नाही. वीरमाता हा शब्द गाव मनापासून उच्चारतं आणि सासूबाईंनाही कुठेतरी त्याचा आधार असेल. पण त्या शब्दात मुलाचं नाव येत नाही, त्यांचंही येत नाही.

आणि तारखेचं बघा. २६ जुलै हा देशाचा दिवस. १९९९ मध्ये त्या दिवशी लढाई संपली. भारताचे ५२७ जवान त्या लढाईत गेले, प्रत्येकाचा दिवस निराळा. तुमच्या भाऊजींचा दिवस कोणता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कदाचित तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल. सासूबाईंना इंग्रजी तारीख सांगता येणार नाही, तिथी मात्र पक्की ठाऊक असणार. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. अधिकात तिकडे लढाई पेटली, आणि निज ज्येष्ठ सरत आला तेव्हा टायगर हिल हाती आलं. 'अधिकात पत्र आलं, निजात तो गेला,' अशा हिशेबाने आई लक्षात ठेवते. पेरण्या झाल्या होत्या का, पालख्या कुठवर आल्या होत्या, दारात चिखल किती होता, हे सगळं त्यांना आठवत असेल. तिथी विचारून घ्या आणि कॅलेंडरवर खूण करा. त्या दिवशी बाहेरचं कुणी नको. फोटो पुसायचा, दिवा लावायचा, त्याला आवडायचं ते रांधायचं. काय आवडायचं, हेही त्यांनाच विचारावं लागेल, आणि विचारल्यावर त्या पाच मिनिटं तरी मुलाबद्दल बोलतील. शास्त्राचं म्हणाल तर पितृपक्षातली चतुर्दशी शस्त्राने गेलेल्यांसाठी वेगळी राखलेली आहे. धाकट्या भावाला त्या दिवशी थोरल्याचं पान वाढता येतं. आपल्या पंचांगात त्यांच्यासाठी एक तिथी आहे, म्हणजे अशी घरं आपल्याकडे किती पिढ्या आहेत बघा.

सरपंचांशी बोलायला मिस्टरांना पाठवा, जमलं तर तुम्हीही बरोबर जा. गावातली माणसं ऐकतात, आपणच सांगायला बिचकतो. सासूबाई येणार असतील तर खुर्ची सावलीत हवी, त्यांचं काय ते सुरुवातीला आटोपावं, पाहुण्यांची वाट बघत दोन तास बसवून ठेवू नये. मुलगा कसा गेला ते वाचायचं नाही. तो कसा होता ते सांगायचं, आणि काय सांगायचं ते त्यांच्याकडून आधी विचारून घ्यायचं. गावच्या तालमीत जायचा का, शाळेत कितव्या बाकावर बसायचा, पहिल्या सुट्टीत येताना कुणासाठी काय आणलं होतं. शाळेच्या पोरांना तेच लक्षात राहील. आणि एक विनंती कराच. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी, मांडव पडायच्या आत, सासूबाईंना एकट्यांना तिथे जाऊ द्यावं. तुम्ही हात धरून न्या आणि चार पावलं मागे उभ्या राहा. किती वेळ थांबायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

आता स्मारकाबद्दल, कारण मला खरं सांगायचंय ते हे. दगडावर मुलांची नावं येतील. त्यापुढे आईचं नाव घालायला सांगा.

पानिपताहून आलेला तो सांकेतिक निरोप आपण शाळेत शिकलो. दोन मोती गळाले, मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. १४ जानेवारी १७६१. दोन मोत्यांमधले एक विश्वासराव, म्हणून त्यांच्या आई गोपिकाबाई यांचं नाव आपल्याला ठाऊक आहे. पुढे त्यांनी माधवराव आणि नारायणरावही गमावले. पण खुर्दा म्हणजे कोण? ती सगळी पोरं सातारा, पुणे, नगर, कोकण, खानदेश इथल्याच कुणाकुणाची होती. त्यांच्या आया किती वर्षं रस्त्याकडे बघत बसल्या असतील! त्यांचं एकही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही.

तुमच्या चावडीच्या भिंतीतला दगड जाऊन नीट वाचा, मुलाला बरोबर घेऊन जा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने असे दगड गावोगाव बसवले. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर असतो. आकडे आहेत, नावं नाहीत. तुमच्याच जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी घ्या, त्या एका गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. आपले मराठे तेव्हा मोठ्या संख्येने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होते. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकली ती सहावी पूना डिव्हिजन, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. खायला घोडे कापावे लागले, आणि शेवटी शरण गेल्यावर वाळवंटातून चालवत नेताना कित्येक जण वाटेतच पडले. तिकडे गेलेल्यांसाठी पुढे बसऱ्याला मोठं स्मारक उभारलं, हजारो नावं कोरली. त्यात गोऱ्या शिपायाचं नाव आहे. हिंदी पलटणींच्या खाली नावं आहेत ती अधिकाऱ्यांची, आणि साध्या शिपायांचा नुसता आकडा. पुन्हा खुर्दाच. ज्या आयोगाकडे या स्मारकांची जबाबदारी आहे, त्याने २०२१ मध्ये ही वागणूक चुकीची होती असं कबूल करून माफी मागितली. शंभर वर्षांनी. ती माफी ऐकायला त्या आयांपैकी कोण उरलं होतं?

त्याच आयोगाच्या दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदी मी एकदा चाळल्या. तिथे पुष्कळ हिंदी शिपायांच्या नावापुढे बापाचं आणि आईचंही नाव लिहिलेलं आहे, अमक्याचा आणि अमकीचा मुलगा, गाव अमुक, जिल्हा सातारा. इंग्रजी स्पेलिंगमधून वाकडीतिकडी झालेली आपली साधी नावं. ती वाचताना मला आत्या आठवली, कारण आमच्या गावच्या स्मारकावर तिच्या मुलाच्या नावापुढे फक्त बापाचं नाव आणि आडनाव आहे. नऊ महिने पोटात आणि एकोणीस वर्षं घरात ज्या बाईने सांभाळला, तिचा त्या दगडाशी काहीच संबंध नसल्यासारखा.

तुमच्या ग्रामपंचायतीला हे पटायला जड जाऊ नये. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनेच ठरवलं, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं. आज जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर आई येते, तर कालच्या जवानाच्या दगडावर का नको? फक्त तुमच्या भाऊजींच्या नावापुढे नव्हे, गावातल्या १९६२, १९६५, १९७१ मधल्या सगळ्यांच्या. नावं शोधायचं काम अंगावर घ्या. म्हाताऱ्या बायकांकडे बसा, त्यांना कुणाची आई कोण, माहेर कुठलं, सगळं पाठ असतं. घराण्यांच्या वंशावळी सांगणारा हेळवी येत असेल तर त्याची वही बघा. घरोघरच्या जुन्या सर्व्हिस बुकात, पेन्शनच्या कागदात नाव सापडेल. चावडीतल्या दगडामागच्यांची नावं कदाचित मिळणार नाहीत. मग जेवढ्यांची मिळतील तेवढ्यांची घाला. हे काम उद्घाटनाच्या आत संपलं नाही, तर दगडावर जागा मोकळी सोडायला सांगा.

भाऊजींचे पलटणीतले जोडीदार शोधा, हेही मिस्टरांवर सोपवा. ते आता पन्नाशीत, कुणी हवालदार, कुणी सुभेदार म्हणून पेन्शनीत आले असतील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारलं, गावच्या माजी सैनिकांना सांगितलं, तर पत्ता लागतो. त्यांना समारंभाला नको, एरवी घरी बोलवा, जेवायला. मेसमध्ये तो काय मागायचा, थंडीत कुणाची रजई ओढायचा, आईच्या पत्रातलं काय वाचून दाखवायचा, हे तेच सांगू शकतात. मुलाचे शेवटचे महिने सासूबाईंना माहीत नाहीत. ते ज्यांना माहीत आहेत, त्यांनी ते आणून द्यावेत.

तुमच्या मिस्टरांबद्दल मला थोडं थांबून लिहायचंय. पत्रात तुम्ही त्यांच्यावर जराशा रागावल्यासारख्या वाटलात. ते चौदा वर्षांचे होते. ज्या घरात पेटी आली, त्या घरातला चौदा वर्षांचा मुलगा कुणाच्या ध्यानात राहिला असेल? लोक आईला भेटायला आले, बापाशी बोलले, आणि त्याला सांगितलं असेल, "आता तूच आईचा आधार, रडायचं नाही." घरटी माणूस मिल्ट्रीत असलेल्या गावात तुमचे मिस्टर घरी आहेत. त्यांना भरती व्हायचं होतं का? आईने अडवलं का? की त्यांनीच आईकडे बघून विषय काढला नाही? तुम्हाला माहीत नसेल तर एकदा विचारा, पण वाद चालू असताना नको. गाव भावाला मान देतं, तेवढ्यापुरतं का होईना त्याचं नाव मोठ्याने घेतलं जातं. घरात तर घेता येत नाही. म्हणून ते समारंभ सोडायला तयार नसतील. घरात ते नाव घेता येऊ लागलं, की माइकचा आग्रह आपोआप कमी होईल असं मला वाटतं.

सुरुवात तुमच्या मुलाला करू द्या. मोठ्यांच्या तोंडून न निघणारा प्रश्न त्याने केव्हाच विचारलाय, तुम्ही त्याला गप्प तेवढं करू नका. त्याला आजीकडे पाठवा. "आजी, काका माझ्याएवढा असताना काय करायचा?" असा नऊ वर्षांचा प्रश्न. त्या रडल्या तर घाबरू नका, पाणी द्या आणि बसून राहा. "रडू नका, आई," हे तेवढं म्हणू नका. ज्या दिवशी त्या बोलतील, त्या दिवशी त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत वहीत लिहून ठेवा, शुद्ध करू नका. त्यांची हरकत नसेल तर मोबाइलवर आवाजही घ्या.

वही लवकर सुरू करा म्हणते, त्याचं कारण त्यांचं विसरणं. आधी डॉक्टरांकडे न्या. या वयात बी-१२ कमी असलं, थायरॉइड बिघडलं, ऐकू कमी आलं, तरी माणूस विसरल्यासारखा वागतो, आणि त्यावर उपाय आहेत. दबून राहिलेल्या उदासपणानेही असं होतं. ते दोन दोन दिवस न जेवणंही डॉक्टरांना सांगा. तालुक्याला मनाचे डॉक्टर नसतील, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हे तुमच्यासाठीही आहे. रात्री अंगणात त्यांना तसं बघून तुम्ही परत येऊन झोपलात, कुणाला सांगितलं नाहीत. एवढं ओझं एकटीने वाहू नका.

आणि नाव चुकलं तर दुरुस्त करू नका. मुलाला सांगून ठेवा, आजी काकाच्या नावाने हाक मारेल तेव्हा 'ओ' द्यायची. त्याला ते अवघड जाणार नाही, उलट आवडेल. पुढेमागे त्या विचारतीलही, "सुट्टीला कधी येतोय?" तेव्हा "आई, तो गेला ना" असं सांगू नका. त्यांच्यासाठी ती तार पुन्हा नव्याने येईल, तीही दर वेळी. खोट्या तारखाही देऊ नका. "आठवण आली का? सुट्टीला आला की पहिल्यांदा काय मागायचा?" असं विचारा. उत्तर देता देता त्या आपोआप पुढे सरकतात. माझ्या आत्याच्या शेवटच्या दोन वर्षांत आम्ही हेच करत होतो. ती दर वेळी सांगायची, "खरवस." म्हैस व्यालेली नसली तरी खरवसच.

राहिली ट्रंक. ती उघडू नका, साफ करायच्या निमित्तानेही नाही. वर पांढऱ्या रंगात त्याचं नाव आणि नंबर असेल, तो पुसट झाला असला तरी रंगवायला देऊ नका. एवढंच करा, की श्रावणातल्या पहिल्या कडक उन्हाच्या दिवशी घरातली गोधड्या-स्वेटरं वलणीवर घाला आणि सहज म्हणा, "आई, लोकरीला कसर लागते. त्यांचा स्वेटरही घालायचा का उन्हात?" नाही म्हणाल्या तर पुढच्या उन्हाला विचारा. हो म्हणाल्या, तर ट्रंक त्याच ओढतील आणि कडीही त्याच काढतील. तुम्ही पाट घेऊन शेजारी बसा. तळाशी कडुनिंबाचा जुना, वाळून भुगा झालेला पाला निघेल. तो झाडून टाकायच्या आधी त्यांना विचारा, आणि मग अंगणातला ताजा पाला आणायला नातवाला पाठवा.